बॅबिलॉनचे चार खांब

त्या शनिवारी सकाळी देवपूजा आटोपून मी गराजमधल्या वरच्या फळीवरून मंडळाच्या गणपतीचा खोका खाली उतरवला. साल दोन हजार सात, ऑगस्टचा पहिला आठवडा. गणपती सहा आठवड्यांवर आले होते. दरवर्षी याच सुमारास मी मूर्ती बाहेर काढतो, पुसतो, जिथे रंग उडाला असेल तिथे रंगाचा हात देतो. खोका उघडून वरचं जुनं धोतर बाजूला केलं आणि पाहिलं, तर मोदक धरलेला हात मनगटापासून सुटून तळाशी पडला होता. मोदक घरंगळत पार कोपऱ्यात गेला होता.

आमचं मंडळ टेक्सासमधल्या फ्रिस्को आणि आसपासच्या मराठी घरांचं. मूर्ती अडीच फुटी, शाडूची, पेणहून आलेली. एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कंटेनरमध्ये मसाल्याच्या पोत्यांशेजारी बसून ती अकरा वर्षांपूर्वी इथे पोचली. इथल्या तळ्यांत काही सोडायची परवानगी नाही आणि दरवर्षी नवी मूर्ती आणणं जमत नाही. म्हणून उत्तरपूजा झाली की आम्ही दूर्वांनी पाणी शिंपडतो, पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो आणि मूर्ती खोक्यात घालून माझ्या गराजमध्ये ठेवतो. भारतातल्या वाचकांना हसू येईल. अमेरिकेतल्या वाचकांच्या गराजमध्येही असा एखादा खोका असेल.

तोवर एकदा कान गेला होता, एकदा मुकुटाचं टोक, दोनदा उंदराची शेपटी. दर वेळी मी चिकटवलं, वर रंग दिला, कोणाला कळलं नाही. पण हात म्हणजे हात. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि सहा आठवड्यांत दुसरी मूर्ती मिळणार नाही, हेही माहीत होतं.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, चहा घेऊन गराजमध्ये आली. तिने हात पाहिला, मग माझ्या हातातली गोंदाची ट्यूब पाहिली.

"अहो, देवाला अजून किती वेळा चिकटवणार?"

तेवढ्यात फोन वाजला. नितीन होता.

नितीन नागपूरचा, वय बत्तीस, सॉफ्टवेअरमध्ये, मंडळाच्या सजावटीत माझा उजवा हात. त्याने इंटरनेटवर वाचलं होतं की लास वेगासमधलं एक जुनं देखाव्याचं हॉटेल बंद झालंय, पाडणार आहेत, आणि पाडायच्या आधी आतलं सगळं सामान लोकांना विकताहेत.

"काका, खांब आहेत खांब! राजवाड्याचे! फोटो पाहिला मी. आपल्या मखराला लावले ना, तर डॅलसवाले पाहतच राहतील. बुधवारी निघू, रविवारी परत. ट्रेलर मी बुक करून राहिलो."

"अरे, बाराशे मैल आहे ते."

"तर काय झालं? मी ड्राइव्ह करतो, तुम्ही दशम्या आणा."

खरं सांगायचं तर मला खांबांचं फारसं पडलं नव्हतं. गोंद लावायचा की खरं सांगायचं, हे ठरवायला चार दिवस हवे होते आणि ते ठरवताना तो खोका समोर नको होता. मी हो म्हणालो. सुनंदाने तुटलेला हात आणि मोदक एका डब्यात कापूस घालून ठेवला. "आल्यावर बघा," एवढंच म्हणाली.

बुधवार: फ्रिस्को ते गॅलप

पहाटे साडेचारला निघालो. नितीनची एसयूव्ही, मागे भाड्याचा उघडा ट्रेलर. डॅलसहून ॲमॅरिलोपर्यंतचा रस्ता लहान लहान गावांतून जातो. तिथे वेगमर्यादा अचानक सत्तरवरून पस्तीसवर येते आणि पोलीस झाडाखाली वाटच पाहत असतो. सांभाळा. ॲमॅरिलोनंतर आय-फोर्टी महामार्ग लागतो आणि मग विचार करायची गरजच उरत नाही. उजवीकडे माळ, डावीकडे माळ, वर आभाळ. पेट्रोल जिथे मिळेल तिथे भरून घ्या. पुढचा पंप दिसतो त्यापेक्षा लांब असतो.

ट्रेलर रिकामा असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात खडखड वाजत होता. नितीन म्हणाला, "काका, बैलगाडीसारखं वाटून राहिलं." मी म्हणालो, "बैलगाडीत बसलायस का कधी?" तो म्हणाला, "नाही. तुम्ही बसलायत ना, म्हणून सांगितलं."

दुपारी अल्बुकर्कीत जेवायला थांबलो. ऑगस्टमध्ये न्यू मेक्सिकोत कुठल्याही किराणा दुकानाबाहेर जाळीच्या मोठ्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजत असतात. पिंप हाताने फिरवतात, खाली गॅसची ज्योत. त्या वासाने मी पार्किंगमध्येच उभा राहिलो. आईच्या चुलीवरच्या ठेच्याचा वास हा, पण पोत्याच्या हिशोबाने. एक पिशवीभर घेतल्या आणि गाडीच्या बॉनेटवर दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेली मिरची असा बेत झाला. शाकाहारी लोकांसाठी सूचना: बीन बरिटो मागण्याआधी बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालतात का ते विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी घालतात.

मुक्काम गॅलपला, अडतीस डॉलरच्या मोटेलमध्ये. मालक गुजराती काका, सत्तरीचे. काउंटरमागे छोटंसं देवघर आणि त्यात मिणमिणता विजेचा दिवा. त्यांनी विचारलं, "वेगास? जुगार?"

"नाही काका," नितीन म्हणाला, "गणपतीसाठी."

काकांनी चष्मा कपाळावर ढकलून आम्हा दोघांकडे पाहिलं. "चालीस साल से यहाँ हूँ, बेटा. वेगास जानेवाला हर आदमी कुछ ना कुछ बोलता है. ये पहली बार सुना."

गुरुवार: धरणावरून वेगासला

सकाळी फ्लॅगस्टाफला पाइनची झाडं आणि चक्क स्वेटरची थंडी. दुपारी किंगमनला भट्टी. एका दिवसात महाबळेश्वर आणि विदर्भ, असं नितीनचं म्हणणं.

नेवाडाच्या सीमेवर हूवर धरणावरूनच गाडी न्यावी लागते. शेजारी नव्या पुलाचं काम चालू आहे, त्याचे खांब दरीतून वर आलेले दिसतात. धरणावर ट्रक सोडत नाहीत आणि ट्रेलर असला की अलीकडे तपासणी होते. आमच्या रिकाम्या ट्रेलरकडे पाहून पोलिसाने विचारलं, "काय आणायला चाललात?"

"खांब," मी म्हणालो.

"गुड लक," तो म्हणाला. वेगासला जाणाऱ्या सगळ्यांनाच तो तसं म्हणत असावा.

साडेचारला पोचलो. गाडीतून उतरलो तर एकशे आठ डिग्री फॅरनहाइट. मुख्य रस्त्यापासून दोन मैलांवरची खोली घ्या, आठवड्याच्या मधल्या दिवसांत निम्म्या भावात मिळते. गाडी मात्र मोठ्या हॉटेलांच्या पार्किंगमध्येच लावा. फुकट आहे, सावलीही मिळते.

जुगाराच्या अड्ड्यात पाय ठेवायची माझी ही पहिलीच वेळ. मी सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला. गावात पत्ते कुटणारे लोक देवळामागच्या पारावर बसायचे आणि आमचे गुरुजी आम्हाला त्या बाजूने शाळेत येऊ द्यायचे नाहीत. मनात धाकधूक होती. आत गेल्यावर दिसलं ते असं: म्हातारी माणसं, प्लॅस्टिकचे पेले, सिगारेटचा वास, घड्याळ कुठेच नाही. पाप वगैरे काही वाटलं नाही. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या लोकांसारखे ते चेहरे होते.

नितीनने मशीनमध्ये पाच डॉलर घालताना डोळे मिटले. "बाप्पा मोरया!"

"देवाला त्यात ओढू नकोस."

पाच डॉलर गेले. "तुमच्यामुळे गेले काका. पॉझिटिव्ह बोला ना जरा."

मला मात्र पाहायचे होते देखावे. देखाव्याशिवाय दुसरा शब्द या शहराला लागूच पडत नाही. आमच्या गावात तालमीचा गणपती बसायचा. खोकी, बारदान आणि चुना यांच्यावर आम्ही शाळकरी पोरांनी एका वर्षी किल्ला केला होता, एका वर्षी गुहा. इथे कोणीतरी तेच केलं आहे, फक्त गुहेत तीन हजार खोल्या आहेत. किल्ला, पिरॅमिड, जहाज, सर्कशीचा तंबू. लांबून पाहताना मला खरंच मौज वाटली.

पण जवळ गेलो की कळायचं, देखाव्यांचे दिवस सरले आहेत. पिरॅमिडच्या पोटात शिड्या लावून देवळांचे खांब आणि पुतळे काढायचं काम चाललं होतं. जिथे चाच्यांची लढाई व्हायची तिथे आता नाचगाणं होतं. नवी हॉटेलं म्हणजे नुसती काच, आत पांढऱ्या भिंती आणि मंद दिवे. पिरॅमिडमध्ये एक आजीबाई नातवाला सांगत होत्या, "इथे एक होडी होती. तुझा बाबा तुझ्याएवढा होता ना, तेव्हा आम्ही तीतून फिरलो."

"व्हेअर डिड इट गो?"

"आय डोन्ट नो, हनी. कोणीतरी काढून टाकली."

नातू म्हणाला, "व्हाय?" आणि आजीबाई माझ्याकडे पाहू लागल्या, जणू मला माहीत असेल.

शुक्रवार: बॅबिलॉन

आम्हाला जायचं होतं ते हॉटेल मुख्य रस्त्यापासून आत, जरा बाजूला होतं. त्याचं नाव सांगत नाही. देखावा प्राचीन बॅबिलॉन शहराचा म्हणून आपण त्याला बॅबिलॉनच म्हणू. निळ्या विटांची वेस, वर झुलत्या बागा आणि दाराशी दोन पंखवाले बैल, माणसाच्या तोंडाचे, लांब दाढीवाले. नितीनने सवयीने उजव्या बैलाच्या पायाला हात लावून छातीला लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "नंदीच वाटला यार."

अशा विक्रीला कधी गेलात तर हे लक्षात ठेवा. रोख पैसे लागतात. प्रत्येक वस्तूवर भावाचं लेबल असतं, घासाघीस दुपारनंतर करा. स्क्रू-ड्रायव्हर, हातमोजे आणि दोर आपले आपण न्यायचे. जे घ्याल ते सोडवून, उचलून तुम्हीच न्यायचं. पलंग, टीव्ही, पडदे, रक्षापात्रं, खुर्च्या, प्लॅस्टिकचे ताड. बाजारच भरला होता. एक पोक्त बाई स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खोलीच्या दारावरचा ६१४ हा आकडा सोडवत होती. स्क्रू गंजला होता. मी मदत केली. ती म्हणाली, "दर ऑक्टोबरला आम्ही इथे यायचो. माझ्या नवऱ्याला, टॉमला, खिडकीतून बैलाची पाठ दिसायची, तो बैलाला गुड मॉर्निंग म्हणायचा." आकडा हातात आल्यावर तिने रुमालात गुंडाळला आणि बाकी काहीही न बघता निघून गेली.

खांब जेवणाच्या दालनात होते. आठ फुटी, निळ्या-सोनेरी नक्षीचे, वर कमळाच्या पाकळ्या. भारदस्त! मी मनात म्हटलं, दगडी दिसताहेत, दोघांच्याने एकही हलायचा नाही. नितीनने बाह्या सरसावल्या. आम्ही दोघांनी खांबाला मिठी मारली, मी "जय बजरंगबली" म्हटलं आणि जोर लावला. खांब असा काही वर आला की आम्ही दोघेही मागच्या टेबलावर पडलो.

"थर्माकोल!" नितीन पडल्या पडल्याच ओरडला. "काका, थर्माकोल आहे हो!"

खरंच. बुडाशी रंग नव्हता, तिथे पांढरे दाणे दिसत होते. आम्ही गराजमध्ये गरम तारेने कापतो तेच. बाराशे मैल येऊन आम्ही आमचंच मखर उचलत होतो.

आमचं हसणं ऐकून एक उंच म्हातारा आला. कमरेला अवजारांचा पट्टा, हातावर पांढरी पूड. नाव वॉल्टर. एकोणीस वर्षं या हॉटेलची डागडुजी त्याच्याकडे होती: तडे बुजवायचे, पोपडे काढायचे, रंगाचा हात द्यायचा. मी त्याला म्हणालो की आमच्या मंडळात ते काम माझ्याकडे आहे. त्याने माझा हात हातात घेतला, माझ्या नखांतला रंग पाहिला आणि पटलं अशी मान हलवली.

मग तो आम्हाला बैल दाखवायला घेऊन गेला. दाढीचा एक तुकडा त्याने सहज मोडून हातावर ठेवला. आत थर्माकोल, त्यावर जाळी, त्यावर गिलावा आणि रंगाचे थर. निळा, हिरवट निळा, राखाडी, परत निळा.

"हा पहिला रंग लागला तेव्हा माझे केस काळे होते," वॉल्टर म्हणाला. "मूळ हिशोब दहा वर्षांचा होता. दहा वर्षांनी पाडायचं, नवीन काहीतरी करायचं. दहा वर्षं झाली, कोणाचा धीर होईना. मला म्हणाले, वॉल्टर, यंदा एवढं बुजव. मी बुजवलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी शेवटी लोक फोटो काढायचे ते हसायला. त्याचं मला वाईट वाटायचं. बिचाऱ्या बैलाचा काय दोष?"

"पाडताना बघायला येणार?" नितीनने विचारलं.

"छे. त्या दिवशी मासे पकडायला जाणार आहे."

त्याने मला विचारलं, "तुम्ही या खांबांचं काय करणार?"

मी त्याला सगळं सांगितलं. आमचा देव मातीचा असतो. तो दहा दिवस पाहुणा येतो. त्याच्यासाठी आम्ही असा राजवाडा करतो, शहर करतो, जे सुचेल ते करतो. दहा दिवस झाले की वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतो. माती मातीला मिळते, राजवाडा आम्ही आमच्या हातांनी मोडतो. रडू येतं, तरी मोडतो. पुढच्या वर्षी नवी माती, नवा राजवाडा.

सांगता सांगता मी रंगात आलो होतो. वॉल्टर लक्ष देऊन ऐकत होता.

"दरवर्षी नवा?" त्याने विचारलं.

"दरवर्षी."

"शहाणी माणसं," तो म्हणाला.

नितीन खांबाला दोर बांधत होता. मान वर न करता त्याने मराठीत विचारलं, "काका, आपला तर गराजमध्येच असतो ना?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तो फक्त विचारत होता. वॉल्टर म्हणाला, "काय म्हणतोय?" मी म्हणालो, "दोराबद्दल." अर्ध्या मिनिटात दोनदा खोटं बोललो होतो, आणि तेही देवाबद्दल.

चार खांब घेतले. वॉल्टरने स्वतः उचलून ट्रेलरवर ठेवून दिले, दोन्ही काखांत एकेक. निघताना म्हणाला, "वारा लागू देऊ नका. पळून जातील."

शनिवार, रविवार: परत

धरणावर परत तपासणी. गुरुवारचाच पोलीस. त्याने खांबाभोवती फेरी मारली, बोटाने टकटक केलं, मग कान लावून पुन्हा टकटक केलं.

"हे घेऊन तुम्ही टेक्सासला चाललात?"

"हो."

"टेक्सासमध्ये खांब मिळत नाहीत?"

नितीन म्हणाला, "बॅबिलॉनचे मिळत नाहीत, सर." पोलिसाने हसून सोडलं.

वॉल्टरचं बोलणं खरं ठरलं. तुकुमकारीच्या अलीकडे माळावर वारा सुटला आणि आरशात पाहतो तर एक खांब दोरातून अर्धा सुटून उभा राहिला होता, जणू त्याला पुढचा रस्ता बघायचा होता. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवून हातवारे करत होता. नितीन किंचाळला, "खांब चालला ना बाप्पा!" रस्त्याकडेला थांबून मी खांबावर पालथा पडलो आणि नितीनने मला चुकवत दोर आवळला. त्या अवस्थेत, तोंड निळ्या कमळात खुपसलेलं असताना मी त्याला सांगितलं.

"नितीन, मूर्तीचा हात तुटलाय."

दोर थांबला. "कोणत्या मूर्तीचा?"

"आपल्या. मनगटापासून. निघायच्या आधीच तुटलाय."

"मग? तुम्ही चिकटवता ना काका. कानही तुम्हीच चिकटवला होता, मला माहीत आहे. दोन्ही कानांच्या रंगात फरक आहे."

म्हणजे कोणाला कळलं नाही हा माझा समजच होता. मी उठून बसलो. ट्रक जात होते, खांब थरथरत होते.

"या वेळी चिकटवणार नाही," मी म्हणालो. "विसर्जन करायचंय. खरं विसर्जन."

"अहो पण पाच आठवडे राहिले! वैशालीताई काय म्हणतील? नवी मूर्ती कुठून आणाल?"

"ओंजळभर मातीची मीच करीन. लहान होईल."

नितीनने खांबांकडे पाहिलं. "आठ फुटी खांब आणि वीतभर बाप्पा?" मग त्याने कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागला. "पण जमते काका. सगळे बाप्पालाच पाहतील. शोधावं लागेल ना!"

रविवारी दुपारी घरी पोचलो. एकूण खर्च विचाराल तर दोघांत मिळून पेट्रोल, चार रात्रींचा मुक्काम, ट्रेलर, खाणं आणि खांब धरून एका माणसाच्या भारतात जायच्या तिकिटापेक्षा कमीच. पुन्हा जाल का विचाराल तर मिरच्यांसाठी जाईन. देखाव्याचं वेगास पाहायचं असेल तर मात्र लवकर जा. दर वर्षी एकेक उतरतंय.

अंघोळ करून मी वैशालीताईंना फोन लावला. त्या मंडळाच्या अध्यक्ष, माझ्याहून वयाने लहान, पण सगळे ताईच म्हणतात. आधी खांबांचं ऐकून त्या खूश झाल्या. मग मी मूर्तीचं सांगितलं.

"काका, ग्लूने होणार नाही का? लांबून कोण बघतंय?"

"होईल. अकरा वर्षं तेच करत आलोय. पण मी रोज संध्याकाळी देवापुढे बसतो, ताई. मला दिसतंय."

"लोकांना मोठ्या मूर्तीची सवय आहे. कमिटी नाराज होईल. आणि लहान मूर्ती तुम्हाला नाही जमली तर?"

"तर पाटावर सुपारी मांडून पूजा करू. आपल्याकडे कुठलीही पूजा सुपारीच्या गणपतीनेच सुरू होते."

"मला कमिटीला विचारावं लागेल."

"विचारा. त्यांनी सजावट माझ्याकडून काढून घेतली तरी चालेल. पण मूर्ती मी येत्या शनिवारी विसर्जित करतोय."

कमिटीत दोन तास वाद झाला म्हणे. एकाने मला हट्टी म्हटलं, ते खोटं नाही. शेवटी सजावट माझ्याकडेच ठेवली, पण पुढच्या वर्षी मोठी मूर्ती मागवायची, असं ठरलं. कोणी, कशी आणि तिचं नंतर काय करायचं, यावर अजून चर्चा चालू आहे.

या प्रवासातून काय उरलं असं सुनंदाने विचारलं तेव्हा मी मिरच्यांची पिशवी दाखवली. खरं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. एवढं कळतं, की वॉल्टरला मी जे अभिमानाने सांगितलं ते खरं करणं माझ्याच हातात होतं आणि मी अकरा वर्षं हातात गोंदाची ट्यूब धरून बसलो होतो.

शनिवारी सकाळी अंगणात, म्हणजे मागच्या हिरवळीवर, लहान मुलांचा निळा प्लॅस्टिकचा हौद मांडून पाण्याने भरला. नितीन टाळ घेऊन आला. सुनंदाने डब्यातला हात आणि मोदक मूर्तीच्या मांडीवर ठेवला, आरती केली, दहीपोहे दाखवले. मी मूर्ती पाण्यात ठेवली आणि आम्ही वाट पाहत बसलो.

अर्धा तास झाला, तासही झाला. काही होईना. शाडू खरं तर काही तासांत विरघळायला हवी. बाप्पा पाण्यात बसून आमच्याकडे पाहत होते, कोरडेठाक. मग माझ्या लक्षात आलं. अकरा वर्षांचे माझे रंगाचे हात. थरावर थर, वर चकाकी यावी म्हणून वॉर्निश. पाण्याला आत जायला मी जागाच ठेवली नव्हती.

"आता?" नितीनने विचारलं.

मी आत जाऊन पॉलिशपेपर आणला, बाही वर केली आणि मूर्ती मांडीवर आडवी घेतली. मूर्ती बसवली की आसनाची खालची बाजू कोणाला दिसत नाही, तरी तिथेही मी रंग लावला होता. तो घासायला सुरुवात केली. सोनेरी गेला, पिवळा गेला, आणखी एक पिवळा गेला. सुनंदा वाटीने पाणी घालत होती, नितीन टाळ बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूने घासू लागला. पाऊण तासाने खालून करडी माती दिसली, पेणची, ओली होताच गार लागणारी. मी नमस्कार केला आणि मूर्ती पुन्हा पाण्यात बसवली.

या वेळी बुडबुडे आले. आधी आसन खचलं, मग दुपारपर्यंत पोट, मग सोंड. रंगाच्या पापुद्र्याखालून माती सुटत होती, पाणी करडं होत होतं. मुकुट तेवढा तरंगत्या सालपटासारखा उरला, तेव्हा नितीनने "गणपती बाप्पा" म्हटलं, आम्ही दोघं "मोरया" म्हणालो, आणि मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळाशी उरलेला मातीचा शेवटचा गोळा मोकळा केला.